मोटारसायकलची मागची स्प्रिंग



गणपती जवळ आले की वरळीच्या चाळींत गडबड उडते. कोणी एस. टी.चे तिकीट काढतो, कोणी रेल्वेच्या रांगेत उभा राहतो. अलीकडे पुष्कळ तरुण मात्र म्हणतात, "आमची फटफटी आहे ना, तिच्यावरूनच जाऊ." मागे बायको बसते. सीटला पिशव्या बांधल्या जातात. गाडी गावच्या वाटेला लागते.

आम्ही वरळीला राहतो. वरळी हे मुंबईच्या मूळच्या सात बेटांपैकी एक. इथे जुना कोळीवाडा आहे. १९२० नंतरच्या काळात सरकारने बांधलेल्या बी. डी. डी. चाळीही इथेच. या चाळींत कोकणची, घाटावरची माणसे पिढ्यान् पिढ्या राहिली. तेव्हा तुमच्या गावी सणाला जी गाडी येते, ती कुठून निघते हे आम्ही रोज पाहतो.

वरळीहून निघालेल्या मोटारसायकलला नवे मोठे पूल मोकळे नाहीत. वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ साली झाला, अटल सेतू २०२४ साली झाला. दोन्हींवर दुचाकीला मनाई आहे. म्हणून ती शीव, वाशी, पनवेल अशी जाते. पुढे पेण, माणगाव, महाड, पोलादपूर. मग कशेडीचा डोंगर, आणि खाली खेड, चिपळूण. चिपळूणपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर होतात. या महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. गणपती येतात पावसाळ्यात. तेव्हा खड्डे किती असतात हे तुम्हांला आम्ही काय सांगावे!

एवढी वाट दोन माणसे एका गाडीवर कापणार. मग त्या गाडीचा मागचा भाग ठीक हवा की नको? तो कसा ठेवायचा, तेच या पाठात पाहू. तुमच्या गावातही आता घरोघरी मोटारसायकल आहे. हे ज्ञान तुम्हांलाही उपयोगी पडेल.

स्प्रिंग काय करते?

बैलगाडीला स्प्रिंग नसते. चाक दगडावरून गेले की दणका थेट माणसाच्या कंबरेला बसतो. ट्रकला मागे लोखंडी पट्ट्यांची चळत असते. तिला पाटे म्हणतात. चाक वर उचलले की पाटे वाकतात, आणि दणका निम्मा तिथेच जिरतो.

जुन्या मोटारसायकलींना मागे असे काही नव्हते. चाक सांगाड्याला घट्ट बसवलेले असे. फक्त बैठकीखाली दोन स्प्रिंगा असत. इंग्लंडमध्ये १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बुलेट गाडीला मागे हलता चिमटा बसवला. तीच बुलेट १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागली. आजच्या मोटारसायकलींना असाच चिमटा असतो. चाक चिमट्यात बसते. चिमटा खालीवर हलतो. चिमटा आणि सांगाडा यांच्यामध्ये दोन बाजूंना दोन नळ्या असतात. त्यांनाच आपण शॉकअप म्हणतो.

शॉकअपमध्ये दोन वस्तू असतात. बाहेर स्प्रिंग आणि आत तेलाची नळी. स्प्रिंग वजन तोलते आणि दणका घेते. पण नुसती स्प्रिंग असेल तर गाडी चेंडूसारखी उडतच राहील. म्हणून आत तेल असते. दट्ट्या हलला की तेलाला बारीक भोकांतून जावे लागते. त्याला वेळ लागतो, जोर लागतो. म्हणून गाडी एकदा खाली जाते, वर येते आणि शांत होते.

वजनाचा हिशेब

आता हिशेब करू. चालवणारा ६५ किलो. मागे बसणारी ५५ किलो. पिशव्या १५ किलो. एकूण १३५ किलो. मागच्या माणसाचे आणि सामानाचे बहुतेक वजन मागच्या चाकावर येते. एकटा माणूस बसल्यावर जी स्प्रिंग ठीक होती, ती आता दबून जाते.

दबली तर काय होते? चार गोष्टी होतात. मागचा भाग बसतो आणि पुढचे चाक हलके होते, म्हणून हँडल डळमळते. खड्ड्यात स्प्रिंग तळाला लागते आणि मागच्या माणसाला जोराचा हिसका बसतो. वळणावर स्टँड किंवा सायलेन्सर रस्त्याला घासतो. आणि रात्री पुढचा दिवा वर तोंड करतो. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात, आणि आपल्याला जवळचा खड्डा दिसत नाही.

मागे बसलेल्या माणसाच्या हातात हँडल नसते. खड्डा त्याला आधी दिसत नाही. हिसका बसला की आधी तो उडतो. म्हणून त्याची काळजी चालवणाऱ्याने घरूनच करून निघायची असते.

स्प्रिंग कशी लावावी?

शॉकअपच्या स्प्रिंगेच्या एका टोकाला एक जाड कडे असते. त्याला पायऱ्यांसारख्या खाचा असतात. पुष्कळ गाड्यांत त्या पाच असतात. कडे फिरवले की ते एकेक पायरी चढते आणि स्प्रिंग तेवढी आधीच दाबली जाते. स्प्रिंग बदलत नाही. फक्त ती ताठ उभी राहते, आणि वजन आले तरी गाडी फार बसत नाही.

हे काम असे करा.

१. इंजिन बंद करून गाडी गार होऊ द्या. सायलेन्सर शॉकअपजवळच असतो. गरम असला तर हात भाजेल.

२. सपाट जागेवर गाडी मोठ्या स्टँडवर उभी करा. पिशव्या उतरवा.

३. गाडीच्या हत्यारांत आकडीसारखे टोक असलेला पाना असतो. ती आकडी कड्याच्या खाचेत नीट अडकवा आणि कडे फिरवा. अर्धवट अडकवलेला पाना निसटतो आणि बोटे सोलवटतात. छिन्नी-हातोडीने ठोकू नका. कडे फुटते.

४. एकट्यासाठी पहिली किंवा दुसरी पायरी. दोघांसाठी तिसरी किंवा चौथी. दोघे आणि सामान असेल तर पाचवी. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात वेगळे सांगितले असेल तर पुस्तकाचे ऐका.

५. डाव्या आणि उजव्या बाजूची पायरी एकच ठेवा. हे विसरू नका. एक बाजू वर आणि एक खाली राहिली तर चिमट्याला पीळ बसतो.

गावाहून परत आल्यावर, एकटेच कामावर जाणार असाल, तर कडे पुन्हा खाली आणा. ताठ स्प्रिंगेवर एकटा माणूस बसला की मागचे चाक खड्ड्यावरून टणाटण उडते. उडालेल्या चाकाला ब्रेक लागत नाही. कंबरही दुखते. अति तेथे माती, ते असे.

काही गाड्यांना सीटखाली मधोमध एकच शॉकअप असतो. तिथे पाना पोचवणे अवघड असते. ते काम मिस्त्रीकडून करून घ्या. काही शॉकअपमध्ये दाबलेला वायू भरलेला असतो. असा शॉकअप जुना झाला तरी तो फोडू नका, विस्तवात टाकू नका. तो बॉम्बसारखा फुटतो.

बरोबर बसली का, ते मोजा

गाडी मोठ्या स्टँडवर असताना मागचे चाक अधांतरी असते. चाकाच्या आसापासून सरळ वर, सीटखालच्या पत्र्यावर, खडूने खूण करा. आसापासून खुणेपर्यंत टेपने मोजा. मग गाडी स्टँडवरून काढा. दोघेही सामानासह बसा. तिसऱ्या माणसाने गाडी धरावी आणि पुन्हा मोजावे. दोन मापांतला फरक म्हणजे गाडी किती बसली ते. चाक एकूण ९० मिलिमीटर हलू शकत असेल, तर ३० च्या आसपास बसणे बरे. म्हणजे तिसरा हिस्सा. त्याहून फार जास्त बसली तर एक पायरी चढवा. पाचव्या पायरीवरही फार बसते? मग स्प्रिंग थकली आहे, किंवा वजन जास्त झाले आहे. वजन किती चालेल ते पुस्तकात दिलेले असते.

तेल शाबूत आहे का तेही पाहा. गाडीचा मागचा भाग दोन्ही हातांनी जोराने खाली दाबून सोडा. ती एकदा वर येऊन थांबली पाहिजे. दोन-तीनदा हिंदकळली, किंवा दट्ट्याच्या दांड्याला तेल आणि धूळ चिकटलेली दिसली, तर तेल गळले आहे. तिथे कडे फिरवून काही होणार नाही. दोन्ही शॉकअप जोडीने बदलावे लागतात.

स्प्रिंगेबरोबर आणखी काय पाहावे?

चेन. गाडी बसली की चेन आणखी ताणली जाते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. चिमटा वर जातो तसे चाक पुढच्या चक्रापासून दूर सरते. म्हणून चेनीत थोडी सैल हवी. खालच्या बाजूला मधोमध बोटाने वर-खाली करा. पुष्कळ गाड्यांत २० ते ३० मिलिमीटर हलणे योग्य. फार घट्ट चेन बेअरिंग खाते. फार सैल चेन निसटते. चेन ताणताना चिमट्यावरच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या ठेवा, नाहीतर चाक तिरके बसते. चाक मागे सरकले की ड्रम-ब्रेकही पुन्हा लावावा लागतो. ते विसरू नका.

चेन रॉकेलने, मऊ ब्रशने पुसा. वाळल्यावर ९० नंबरचे तेल लावा. दर ५०० किलोमीटरला हे करावे. पण एक ध्यानात ठेवा. इंजिन चालू ठेवून, चाक फिरते ठेवून चेन कधीही पुसू नका. फडके ओढले जाते आणि त्याच्यासोबत बोटे जातात. चाक हातानेच फिरवा.

आमच्या वरळीला समुद्राचा खारा वारा आहे. कोळीवाड्यातल्या गाड्यांवरून मासळीच्या टोपल्या जातात. त्यांचे खारे पाणी चेनीवर, स्प्रिंगेवर ठिबकते. त्याने लोखंड गंजते. अशी गाडी रोज गोड्या पाण्याने धुवावी, पुसावी आणि चेनीला तेल द्यावे. कोकणच्या किनाऱ्यावरच्या वाचकांनीही हे लक्षात घ्यावे.

हवा. टायर गार असताना हवा पाहा. दोघे बसणार असतील तर मागच्या चाकात जास्त हवा लागते. किती, ते चेनीच्या पत्र्यावर किंवा पुस्तकात लिहिलेले असते. आता तुम्हांला वाचता येते. मग दुकानदाराला "अंदाजाने भर" असे का म्हणावे? आकडा आपणच वाचून सांगावा. टायरच्या खाचांच्या तळाशी बारीक उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आले की टायर संपला.

चाक. चाकाला तारा असतील तर एकेक तार पान्याने हळूच वाजवा. खणखण वाजली तर ताठ. बद्द वाजली तर ढिली. मागचे चाक हाताने डावी-उजवीकडे हलवून पाहा. खटखट लागली तर चिमट्याचे बुश किंवा बेअरिंग झिजले आहे.

निघण्यापूर्वी

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे चालवणाऱ्याच्या मागे एकच माणूस बसवता येतो. हेल्मेट दोघांनाही हवे. बाईमाणूस बसणार असेल तर मागच्या चाकावर साडीची जाळी आहे ना ते पाहा, आणि पदर खोचून घ्यायला सांगा. पिशव्या दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या आणि खालच्या अंगाला बांधा. रात्री भिंतीवर दिवा पाडून पाहा. दोघे बसल्यावर तो वर गेला तर खाली करून घ्या.

हे सगळे करायला एक तास पुरतो. खर्च जवळजवळ काही नाही. गाडी दुरुस्तीला टाकली तर दोनचारशे रुपये जातात. माणूस पडला तर काय जाते, त्याचा हिशेब रुपयांत होत नाही. गावी आई दिव्याची वात सारून वाट पाहत असते. गाडी वेळेवर अंगणात आली की तिचा सण सुरू होतो.

विचार करा आणि सांगा

१. शॉकअपमध्ये स्प्रिंग असताना तेल कशाला लागते?

२. दोन्ही बाजूंची पायरी सारखी का ठेवावी?

३. गाडी बसली की चेन का ताणली जाते?

४. तुमच्या घरच्या गाडीच्या मागच्या चाकात दोघांसाठी किती हवा लिहिली आहे? आजच जाऊन वाचा आणि वहीत लिहून ठेवा.