नभोवाणी-रूपकातील निवेदक

नभोवाणीच्या माहितीपर रूपकात निवेदक बहुधा बाहेरचा असतो. ज्यांच्याविषयी बोलावयाचे, त्यांची वाक्ये त्याच्या भाषणात केवळ अवतरणे म्हणून येतात. अमेरिकेतील स्वतंत्र निर्माते डेव्हिड आयसे ह्यांनी १९९३ साली ‘घेटो लाइफ १०१’ ह्या रूपकात हा क्रम उलटविला. शिकागोच्या दक्षिण भागातील १३ व १४ वर्षांच्या दोन मुलांच्या हाती त्यांनी ध्वनिमुद्रक दिला. मुलांनी दहा दिवस आपला परिसर मुद्रित केला आणि निवेदनही आपल्याच बोलीत केले. त्यांपैकी एकाने आईला आपल्या वडिलांविषयी विचारले; परक्या मुलाखतकाराला तो प्रश्न त्या स्वरात विचारता आला नसता. तथापि निर्माता येथे लोपला, असे मानणे भाबडेपणाचे होय. रूपक सुमारे अर्ध्या तासाचे. दहा दिवसांतील कोणते वाक्य ठेवावे, कोणत्या विरामानंतर कोणते यावे, हे संकलनातच ठरते. वाक्य मुलाचे, वाक्यांचा क्रम मात्र निर्मात्याचा. अशा रूपकातून बोलीचे नमुने घेऊ पाहणाऱ्या अभ्यासकाने प्रथम मूळ ध्वनिफितींची मागणी करावी.