नव्या लॅपटॉपवर जुनं दुकान

लग्नसराई आणि फुटबॉलचा हंगाम एकदम आला की कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या डीटीपीवाल्याला जेवायला उसंत नसते. इकडे पत्रिकेचं प्रूफ, तिकडे शिवाजी तरुण मंडळाच्या सामन्याचा फ्लेक्स, आणि दोन्ही आजच हवं. अशात लॅपटॉप बदलायची वेळ अनेकांवर आली आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा थांबवला आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप नसलेल्या जुन्या यंत्रावर विंडोज 11 अधिकृतपणे चढत नाही. मग दुरुस्तीवाल्याकडे मागणी एकच: ‘यातलं सगळं त्यात जसंच्या तसं टाकून द्या.’

टाकता येतं, खरं तर. डिस्कवर माहिती 512 किंवा 4096 बाइटच्या कप्प्यांत असते. क्लोन करणारा प्रोग्राम फाइलींची नावं न पाहता कप्प्यामागून कप्पा उचलतो. न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या ‘घोस्ट’ने 1990 च्या दशकात हे काम घरोघर नेलं, आज तैवानच्या सरकारी संगणन केंद्रातून आलेलं ‘क्लोनझिला’ तेच फुकट करतं, आणि शक्य तिथे रिकामे कप्पे वगळून वेळही वाचवतं.

अडतं ते त्यानंतर. बटण दाबलं की आधी मदरबोर्डवरचा फर्मवेअर जागा होतो, तो डिस्कवरचा बूटलोडर शोधतो, बूटलोडर विंडोजचा गाभा मेमरीत आणतो. पुढचं सगळं वाचायला गाभ्याला डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर लागतो. नव्या लॅपटॉपचा कंट्रोलर वेगळा असेल आणि त्याचा ड्रायव्हर सुरुवातीलाच चढणाऱ्या यादीत नसेल, तर पेटीची किल्ली पेटीतच राहते. समोर निळा पडदा. शिवाय जुनी विंडोज जुन्या बायोस पद्धतीने बसवलेली असेल, तर फक्त यूईएफआय ही नवी पद्धत ओळखणारा लॅपटॉप तिला दारातही घेत नाही. लिनक्स इथे बराच समजूतदार. बहुतेक ड्रायव्हर त्याच्या गाभ्यासोबतच येतात, त्यामुळे डिस्क काढून दुसऱ्या यंत्रात लावली तरी तो सहसा सुरू होतो.

ड्रायव्हरचं निस्तरता येतं, ओळखीचं तेवढं सोपं नाही. डिस्कला कुलूप घालणारं विंडोजचं बिटलॉकर चालू असेल तर कुलपाची किल्ली जुन्या मदरबोर्डवरच्या टीपीएममध्ये असते. डिस्क दुसरीकडे लावली की 48 अंकी रिकव्हरी की मागितली जाते. विंडोजचं ॲक्टिव्हेशनही हार्डवेअरशी बांधलेलं. प्रत्येक विंडोजला एक अंतर्गत ओळखक्रमांकही असतो. क्लोन केल्यावर तो दोन यंत्रांना एकच होतो, आणि 2025 मधल्या अपडेटनंतर विंडोज 11 च्या अशा जुळ्या यंत्रांना नेटवर्कवर एकमेकांत शिरताना अडवलं जाऊ लागलं. टॅलीचा परवाना जुन्या मशिनवर ‘सरेंडर’ करून मगच नव्यावर चालू करायचा असतो, हे तर प्रत्येक हिशेबनीसाला पाठ आहे.

डीटीपीवाल्याचं खरं दुखणं मात्र मराठी फाँटचं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी असो की सी-डॅकचं आयएसएम, त्यांच्या जुन्या फाँटमध्ये देवनागरी अक्षराचं चित्र रोमन अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागेवर बसवलेलं असतं. युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा 0915 हा क्रमांक आहे; या फाइलींत ‘क’ नसतोच, असतो एखाद्या रोमन चिन्हाचा क्रमांक. तोच फाँट नव्या लॅपटॉपवर नसेल तर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा उमटतो. त्यात श्रीलिपीच्या अनेक आवृत्त्यांना यूएसबीचं डोंगल लागतं आणि त्या डोंगलला त्याचा ड्रायव्हर. फ्लेक्स छापायला देताना मजकूर ‘कर्व्ह’ करतात, म्हणून छपाई बिनचूक येते. पण कर्व्ह केलेली अक्षरं म्हणजे नुसत्या रेषा. पुढच्या वर्षी त्याच फाइलीत तारीख बदलायची म्हटलं तर सगळं नव्याने टाइप करा!

म्हणून माझं स्पष्ट मत असं: दोन्ही लॅपटॉप एकाच मॉडेलचे असतील, किंवा त्याच लॅपटॉपची डिस्क बदलायची असेल, तरच क्लोन करा. नाहीतर नवी विंडोज कोरी ठेवा. जुन्यावर विंडोजच्या ‘विंगेट’ या साधनाच्या एक्स्पोर्ट आज्ञेने प्रोग्रामांची यादी काढून घ्या, त्यातले बरेचसे नव्यावर आपोआप उतरतात. कोरलड्रॉ, टॅली, श्रीलिपी ही मंडळी मूळ सेटअपवरूनच बसवा. फाँटचं फोल्डर, कीबोर्डची मांडणी आणि कामाच्या फाइली वेगळ्या डिस्कवर उतरवा. बिटलॉकरची की कागदावर लिहून ठेवा, त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर नको.

आणि जुना लॅपटॉप एक्स्चेंजमध्ये देण्याआधी एवढं कराच: दोन-तीन वर्षांपूर्वीची, कर्व्ह न केलेली एखादी पत्रिका नव्यावर उघडा, मुहूर्ताची वेळ बदला आणि प्रिंट काढा. काना-मात्रा जागच्या जागी आल्या, तरच जुना हातावेगळा करा.