कोई पूछता नहीं!

बाबांच्या पंचाहत्तरीला ‘बॉबी’ची एलपी द्यायची, हे मी कधीचं ठरवून ठेवलं होतं. १९७३चा सिनेमा, बाबांची पहिली नोकरी आणि पहिल्या पगारातून घेतलेली ती रेकॉर्ड. पुढे रेडिओग्राम भंगारात गेला, सोबत तीही गेली.

मग काय, शनिवारी थेट चोरबाजार, मटण स्ट्रीट! तासभर घासाघीस केली आणि १,८०० रुपयांना सौदा पटला. निघताना चाचांनी पिशवीत आणखी एक एलपी सरकवली. ‘‘ये भी ले जाओ, कोई पूछता नहीं.’’ पुण्याचे अ‍ॅकॉर्डियनवादक एनॉक डॅनिअल्स, हिंदी गाण्यांच्या चाली. लिफ्टमध्ये वाजतं तसलं काहीतरी असणार, असं मी मनात म्हटलं.

वाढदिवसाला ‘बॉबी’ लावली. बॉस, अक्षरशः भजी तळल्यासारखा आवाज! वरच्या पट्टीतलं सगळं फाटलेलं. बाबा ‘छान आहे हं’ म्हणाले, पण ते ‘छान’ कसलं होतं ते मला कळलं. काहीतरी करायचं म्हणून ती फुकटातली रेकॉर्ड लावली. आणि अ‍ॅकॉर्डियनचा भाता चक्क श्वास घेताना ऐकू आला! मागचा ठेका वेगळा, बेस वेगळा, दोन सुरांमधली शांतता खरोखर शांत.

नंतर डोकं खाजवलं तेव्हा कोडं सुटलं. हिट रेकॉर्ड म्हणजे लग्न, गणपती, शेजारपाजार, सगळीकडे वाजलेली. जुन्या प्लेअरच्या सुईचा दाब पाच-सहा ग्रॅम, कधी त्याहून जास्त. आजच्या चांगल्या कार्ट्रिजचा साधारण दोन. त्या जड, झिजलेल्या सुईने खाचांच्या भिंतीच खरवडल्या जातात. धूळ कोमट साबणपाण्याने धुता येते (लेबल तेवढं कोरडं ठेवा), झीज नाही. उलट, कुणाला नको असलेली रेकॉर्ड कपाटात सुखरूप राहते.

आता मी कव्हरवर भुलत नाही. मधल्या भोकाभोवतीच्या बारीक रेघा आधी बघतो. रेकॉर्ड लावताना दांडा चुकून लेबलवर घासतो, म्हणजे रेघा जितक्या जास्त तितकी ती वाजलेली. मग उजेडात तिरकी धरायची. खाचा काळ्याभोर हव्यात, करड्या नकोत. आणि लेबलजवळ कोरी पट्टी रुंद असेल तर फारच उत्तम. एलपीच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते, आत येईपर्यंत जेमतेम २१. तेवढ्या जागेत बारीक सूर कोंबले की आवाज चिरकतो. बाजू लवकर संपली तर ती वेळच येत नाही.

पैशांचं म्हणाल, तर ‘कोई पूछता नहीं’ कायमचं नसतं. चरणजित सिंग यांनी १९८२मध्ये सिंथेसायझरवर डिस्को ठेक्यात दहा राग वाजवले, तेव्हा फारसं कुणी विकत घेतलं नाही. २०१०मध्ये नेदरलँड्समधून ती पुन्हा निघाली आणि जगभर बोलबाला झाला. मूळ प्रत आता आपल्या पगारात बसणारी नाही!

‘बॉबी’ सध्या शोकेसमध्ये उभी आहे, कव्हर झकास दिसतं. त्या रात्री अ‍ॅकॉर्डियनची पहिली बाजू संपली, मी उठून दिवा लावणार तोच अंधारातून बाबा म्हणाले, ‘‘अरे, उलटी कर ना.’’