ओहोटीची वेळ बघून या

ठाणे खाडीकाठच्या ऐरोलीच्या जेटीवर आमच्या नावाड्याने घड्याळाकडे नाही, पाण्याकडे पाहिलं. "थांबा जरा. चिखल उघडा पडल्याशिवाय पाखरू उतरत नाही." थांबलो. तिवरांच्या मुळांशी निवट्या टुणटुण उड्या मारत होत्या. माझ्या लेकीला त्यांच्यापुढे फ्लेमिंगोंचीही आठवण राहिली नाही.

मग ते दिसले. मान खाली, चोच चक्क उलटी. जिभेने पाणी आत ओढायचं, चोचीच्या कडेच्या चाळणीतून बाहेर टाकायचं, शेवाळ तेवढं आत ठेवायचं. गुलाबी रंग या खाण्यातूनच येतो. पिल्लं राखाडी असतात. ठाणे खाडीत शहराचं सांडपाणी मिसळतं, त्यावर हे शेवाळ पोसतं. आपल्या घाणीवर पाहुण्यांची पंगत उठते, हे ऐकून अभिमान वाटावा की लाज, मला अजून ठरवता आलेलं नाही.

हिवाळ्यात येतात, पावसाळ्याच्या तोंडावर बरेचसे परततात. घरटी इथे नाहीत, कच्छच्या रणात. 2015 साली या खाडीचं अभयारण्य झालं, 2022 मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत तिचं नाव गेलं.

परतताना लेकीने विचारलं, "बाबा, त्यांना वरून जाणाऱ्या विमानांचा आवाज येत नाही?" नावाडी हसला आणि त्याने इंजिन बंद करून वल्हं हातात घेतलं.