युद्धकैदी आणि बेपत्ता सैनिक यांत फरक काय? एका नोंदीवर सगळं कसं अडतं, समजून घ्या

डिसेंबर १९७१. दोन मराठी वैमानिक. दोघेही फ्लाइट लेफ्टनंट, दोघेही सुखोई-७ उडवणारे. विजय वसंत तांबे यांचं विमान ५ डिसेंबरला पाकिस्तानातल्या शोरकोट भागात पडलं, तर दिलीप परुळकर यांचं १० डिसेंबरला. परुळकर वर्षभरात मायदेशी परतले. तांबे आजही बेपत्ता आहेत.

परुळकर आपल्या ताब्यात आहेत, हे पाकिस्तानने मान्य केलं होतं. तांबेंबाबत ते कधीच मान्य केलं नाही. सगळा फरक इथेच पडला.

युद्धकैदी कोणाला म्हणतात?

१९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार शत्रूच्या हाती लागलेला सैनिक हा गुन्हेगार नसतो, तो युद्धकैदी असतो. चौकशीत त्याने नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैन्य क्रमांक एवढंच सांगणं बंधनकारक आहे. पकडल्यावर लगेच, किंवा उशिरात उशिरा छावणीत पोहोचल्यापासून आठवडाभरात, त्याला घरी कळवण्यासाठी कार्ड लिहू द्यावं लागतं. रेडक्रॉसचे प्रतिनिधी त्याला भेटू शकतात. लढाई थांबल्यावर विनाविलंब त्याची सुटका करावी लागते.

पण हे सगळं मिळण्यासाठी आधी त्याचं नाव यादीत यावं लागतं.

परुळकर कसे परतले?

त्यांना रावळपिंडीच्या छावणीत ठेवलं होतं. ऑगस्ट १९७२ मध्ये एम. एस. ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या साथीदारांसह त्यांनी तिथून पळ काढला. अफगाण सीमेजवळ लंडी कोतल इथे तिघे पकडले गेले. १ डिसेंबर १९७२ रोजी इतर भारतीय युद्धकैद्यांसोबत त्यांची सुटका झाली. २०२५ मध्ये परुळकरांचं निधन झालं.

मग तांबेंचं काय?

त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या आणि अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. युद्धकाळात एका पाकिस्तानी वृत्तपत्राने पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडल्याची बातमी दिली. त्यातलं एक नाव तांबेंशी जुळणारं होतं. त्या आधारावर दमयंती यांनी पुढची अनेक दशकं पाठपुरावा केला.

असे एकटे तांबेच नाहीत. भारत सरकारच्या नोंदीनुसार ८३ बेपत्ता जवान पाकिस्तानच्या ताब्यात असावेत, त्यात ५४ युद्धकैदी आहेत. 'मिसिंग ५४' म्हणतात ते हेच. असे कैदी आपल्याकडे नाहीत, असं पाकिस्तान सांगत आलाय. १९८३ आणि २००७ मध्ये नातेवाइकांची पथकं पाकिस्तानातल्या तुरुंगांत जाऊन आली. हाती काही लागलं नाही.

याच युद्धात भारताच्या ताब्यात सुमारे ९३ हजार पाकिस्तानी युद्धकैदी होते. १९७४ पर्यंत ते परत पाठवले गेले. त्या वाटाघाटींत आपल्या माणसांचा हिशेब का पूर्ण झाला नाही, हा कुटुंबांचा प्रश्न आजही कायम आहे.

ताबा मान्य केला की काय होतं?

धुळे जिल्ह्यातल्या बोरविहीरचे जवान चंदू चव्हाण सप्टेंबर २०१६ मध्ये नियंत्रण रेषेपलीकडे गेले. ते आपल्या ताब्यात असल्याचं पाकिस्तानने पुढे मान्य केलं आणि २१ जानेवारी २०१७ रोजी ते परतले.

बेपत्ता माणसाच्या घरच्यांना कायदा काय देतो?

सात वर्षं ज्याची काहीच खबर नाही, तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम १०८ मध्ये असलेली ही तरतूद आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११ मध्ये आहे. म्हणजे कागदावर मृत्यू गृहीत धरता येतो. पण त्यासाठी बायकोला किंवा आईला आपलं माणूस गेलं, असं आधी स्वतःच लिहून द्यावं लागतं. अनेक घरांत नेमकी तीच सही होत नाही.

आपण काय करू शकतो?

१. पकडलेल्या सैनिकाचा व्हिडिओ फॉरवर्ड करू नका. युद्धकैद्याचं असं प्रदर्शन होऊ नये, म्हणून जिनिव्हा कराराच्या कलम १३ मध्ये संरक्षण दिलंय.

२. 'मिसिंग ५४ पैकी एक सापडला' अशा पोस्ट तपासल्याशिवाय शेअर करू नका. त्या घरात त्या मेसेजचा अर्थ वेगळा असतो.

३. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन. त्या निधीतून माजी सैनिक, वीरपत्नी आणि त्यांच्या मुलांना मदत होते.

४. जालना जिल्ह्यात तुमच्या गावात माजी सैनिक किंवा वीरपत्नी असतील, तर त्यांना जालन्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाबद्दल सांगा. ओळखपत्र, मुलांची शिष्यवृत्ती, आर्थिक मदतीचे अर्ज ही कामं तिथून होतात. पेन्शन नसलेल्या ६५ वर्षांवरील गरजू माजी सैनिकांसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाची मदत नोव्हेंबर २०२५ पासून महिना ४ हजारांवरून ८ हजार रुपये झाली आहे. विधवांनाही ती लागू आहे.

५. पेन्शन सुरू राहण्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. आता तो मोबाइलवरूनही देता येतो. घरातल्या किंवा शेजारच्या आजोबांना ते जमत नसेल, तर दहा मिनिटं बसून करून द्या.