एक माणूस, एक नोंद

टेलिफोनची जाड डिरेक्टरी तुम्ही कदाचित पाहिली असेल. जगातील पहिली टेलिफोन डिरेक्टरी १८७८ साली अमेरिकेतील न्यू हेवन शहरात निघाली. ते पुस्तक नव्हते, फक्त एक कागद होता. त्यावर ५० नोंदी होत्या, पण क्रमांक एकही नव्हता! नाव सांगितले की टेलिफोन केंद्रातील माणूस जोडून देई.

पुढे मोठ्या कंपन्यांत संगणक आले, तेव्हा तेथेही अशा यादीची गरज पडली. समजा, एका कंपनीत दहा हजार माणसे आहेत. पत्रांचा संगणक वेगळा, हिशेबाचा वेगळा. प्रत्येकाची यादी स्वतंत्र. नवा माणूस आला की त्याचे नाव प्रत्येक यादीत लिहायचे आणि त्याने प्रत्येक ठिकाणचा पासवर्ड, म्हणजे परवलीचा शब्द, लक्षात ठेवायचा. हा त्रास एक वेळ सोसता येईल. खरा धोका वेगळाच आहे. माणूस नोकरी सोडून जातो, पण एखाद्या यादीतून त्याचे नाव काढायचे राहून जाते. मग कंपनीचे हिशेब त्याला पुढेही पाहता येतात.

म्हणून सर्वांसाठी एकच यादी असावी, असा विचार पुढे आला. १९८८ साली ‘एक्स.५००’ नावाचे आंतरराष्ट्रीय नियम ठरले. या यादीची रचना झाडासारखी असते. आधी देश, मग कंपनी, मग विभाग आणि शेवटी व्यक्ती. त्यामुळे हिशेब विभागातील सलमा आणि विक्री विभागातील सलमा यांची गल्लत होत नाही. पण ही पद्धत लहान संगणकांना फार जड होती. १९९३ साली मिशिगन विद्यापीठातील टिम हाउज व त्यांच्या सहकाऱ्यांनी यादीला प्रश्न विचारण्याची हलकी पद्धत काढली. तिला ‘एलडॅप’ म्हणतात. मायक्रोसॉफ्टची ‘अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी’ २००० साली आली. तिच्यातही हीच पद्धत वापरली जाते.

आता सकाळी कर्मचारी आपले नाव व पासवर्ड लिहितो. संगणक डिरेक्टरीला विचारतो, “हा आपलाच माणूस आहे का? याला काय उघडता येईल?” उत्तर क्षणात येते. डिरेक्टरीच्या प्रती अनेक संगणकांवर असतात, म्हणून एक संगणक बंद पडला तरी काम थांबत नाही. माणूस नोकरी सोडून गेला की त्याची एकच नोंद बंद करायची. मात्र जो संगणक डिरेक्टरीला विचारतच नाही, त्याचे दार उघडेच राहते.