तळघरातलं पाण्याचं यंत्र

शिकागो, टोरांटो, मिनियापोलिसकडच्या मराठी घरांत डिसेंबर-जानेवारीच्या तक्रारी ठरलेल्या असतात. हिवाळ्यात लेकीकडे किंवा मुलाकडे राहायला गेलेल्या आजींचा घोळणा फुटतो, ओठ उलतात, टाचांना भेगा पडतात, दाराच्या मुठीला हात लावला की झटका बसतो, आणि मिरजेहून हौसेने नेलेल्या तंबोऱ्याच्या भोपळ्यावर एक दिवस बारीक तडा दिसतो. ‘तिकडची थंडी सोसत नाही’ असं या सगळ्याचं निदान घरच्या घरी होऊन जातं. पण यात थंडीपेक्षा, थंडी घालवण्यासाठी तापवलेल्या हवेचा हात मोठा असतो. उणे १० अंशांच्या हवेत एका घनमीटरमागे जेमतेम २ ग्रॅम बाष्प मावतं, तर २१ अंशांच्या हवेत सुमारे १८ ग्रॅम. बाहेरची हवा फटींतून आत आली आणि भट्टीने तापवली, की तिच्यातलं बाष्प होतं तेवढंच राहतं, पण मावण्याची जागा सात-आठ पटींनी वाढते. परिणामी सापेक्ष आर्द्रता १०-१२ टक्क्यांपर्यंत खाली येऊ शकते. मे महिन्यातल्या नागपूरच्या दुपारीसुद्धा हवा सहसा इतकी कोरडी नसते.

यावर तिकडे सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे घरभराचा ह्युमिडिफायर. तळघरातल्या भट्टीला, म्हणजे फर्नेसला, जोडलेल्या पत्र्याच्या डक्टवर एक चौकोनी डबा बसवलेला असतो. नळाच्या पाण्याची बारीक नळी त्यात येते, विजेवर चालणारा व्हॉल्व्ह उघडला की पाणी वरच्या ट्रेमधून जाळीदार पॅडवर झिरपतं, गरम हवा त्या ओल्या पॅडमधून जाते, बाष्प घेऊन खोल्याखोल्यांत पोचते आणि उरलेलं पाणी ड्रेनच्या नळीने निघून जातं. तत्त्व विदर्भातल्या डेझर्ट कूलरचंच आहे. तिथे हवा असतो गारवा, इथे हवी असते ओल. विकणारे त्याला हवा निरोगी करणारं यंत्र म्हणतात आणि घेणाराही तसंच समजून ते बसवतो, मग वर्षानुवर्षं त्याच्याकडे फिरकत नाही. माझं म्हणणं असं, की हे मुळात पाण्याचं यंत्र आहे आणि त्याची निगा पाण्याची भांडी राखावीत तशीच राखावी लागते. आत पाणी साचतंय का, हवेत किती पाणी चाललंय, या दोन गोष्टींवर ज्या घरात नजर राहणार नसेल, त्या घराने हा डबा न बसवलेला बरा.

त्याचे फायदे खोटे आहेत असं नाही. २००७ साली न्यूयॉर्कमध्ये गिनीपिगांवर झालेल्या प्रयोगांत फ्लूचा विषाणू थंड आणि कोरड्या हवेत एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे जास्त सहज पसरताना दिसला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात खोकणारा पुतळा वापरून फ्लूचे विषाणू खोलीत सोडले गेले. तासाभरानंतर पाहिलं तर २३ टक्के किंवा त्याहून कमी आर्द्रतेत संसर्गक्षम विषाणू ४३ टक्के व त्यावरच्या आर्द्रतेच्या तुलनेत सुमारे चौपट उरले होते. हे आकडे जाहिरातींत हमखास झळकतात. अडचण अशी, की ज्या दिवसांत ओलाव्याची सर्वांत जास्त गरज असते, त्या दिवसांत ४० टक्क्यांचा आकडा बहुतेक घरांना झेपत नाही. म्हणून फ्लू टाळण्यासाठी ह्युमिडिफायर घ्या, हा सल्ला मला अर्धवट वाटतो. नाक-घसा-त्वचेचा त्रास कमी व्हावा, लाकूड आणि वाद्यं तडकू नयेत, एवढ्यासाठी मात्र १२ टक्क्यांवरून २५-३० टक्क्यांपर्यंत जाणंही बरंच कामाचं असतं.

४० टक्के का झेपत नाहीत, हे खिडकीच्या काचेकडे पाहिलं की कळतं. बाहेर उणे १८ असताना काचेची आतली बाजू गारठलेली असते. तिला टेकलेली दमट हवा तिथेच पाणी सोडते. सकाळी काचेच्या खालच्या कडेला थेंबांची ओळ, चौकटीच्या कोपऱ्यात ओघळ, आणि महिनाभराने सीलंटच्या पट्टीवर काळे ठिपके. हे ठिपके म्हणजे बुरशी, आणि खिडकीतली निदान दिसते तरी. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटामागची किंवा माळ्याच्या छताखालची बुरशी वर्षानुवर्षं दिसतही नाही. शिवाय दमटपणा ५० टक्क्यांच्या वर टिकला की धुळीतले सूक्ष्म कीटक पोसले जातात, आणि दम्याच्या रुग्णासाठी इलाज रोगापेक्षा जड होतो. म्हणून अमेरिकेची पर्यावरण संस्था घरातली आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत ठेवायला सांगते, आणि यंत्र बनवणारे त्याच्याही पुढे जाऊन बाहेरच्या तापमानानुसार आकडा देतात: बाहेर ४ अंश असतील तर ४५ टक्के, उणे ७ ला ३५, उणे १८ ला २५ आणि उणे २९ ला अवघे १५. ह्युमिडिस्टॅटची, म्हणजे आर्द्रता ठरवणाऱ्या नियंत्रकाची, चकती नोव्हेंबरात एकदा ४५ वर लावून विसरून जाणं ही या यंत्राच्या वापरातली सर्वांत महागडी चूक आहे. आपल्या स्वयंपाकाचाही हिशोब त्यात धरायला हवा. कुकरच्या शिट्ट्या, उकळती आमटी, तळघरात दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि पाहुण्यांनी भरलेलं घर हवेत रोज काही लिटर पाणी सोडतच असतं. नव्या, घट्ट बांधणीच्या घरात तेवढंच पुरूनही उरतं.

आता डब्याच्या आत. पॅड नवा असतो तेव्हा त्याची जाळी मोकळी असते आणि पाणी सगळीकडे सारखं पसरतं. पाणी उडून जातं, पण त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जाणार कुठे? ते जाळीच्या भोकांत बसतात. हंगाम संपताना पॅड हातात घेतला तर वजनाला जड लागतो, वाकवला की पांढरे-पिवळसर पोपडे गळतात, आणि मधोमध पाण्याने आपली एकच वाट धरल्याची रेघ दिसते; बाजूचा भाग कोरडाच राहिलेला असतो. असा पॅड फारसं बाष्प देत नाही. म्हणून तो दर हंगामाला, पाणी फार जड असेल तर हंगामात दोनदा, बदलायचा असतो. खरवडून पुन्हा वापरण्यात काटकसर नाही, कारण खरवडताना त्याचा पाणी धरून ठेवणारा लेप निघून जातो. त्याच वेळी ट्रे व्हिनेगर आणि पाण्याच्या मिश्रणात भिजवून क्षार काढावेत, पाणी सोडणाऱ्या बारीक तोटीचं भोक मोकळं करावं आणि ड्रेनच्या नळीत भांडंभर पाणी ओतून ते थेट खाली जातं का हे पाहावं. नळी तुंबली की पाणी डब्यातच थांबतं, कधी भट्टीवरही गळतं. या सगळ्याला अर्धा-पाऊण तास पुरतो. आधी भट्टीची वीज आणि डब्याकडे येणारं पाणी बंद करावं, हे सांगायला नकोच. जुन्या घरांत मात्र पाण्याच्या ताटलीत फिरणाऱ्या स्पंजच्या ढोलाचे ह्युमिडिफायर अजून सापडतात. त्यांत पाणी साचलेलंच असतं, आणि कोमट साचलेल्या पाण्यावर बुळबुळीत थर धरायला फार दिवस लागत नाहीत. जंतू वाढलेल्या ह्युमिडिफायरच्या हवेने ताप आणि फुफ्फुसांची सूज येते, हे वैद्यकाला कित्येक दशकं ठाऊक आहे. असा डबा घासत बसण्यापेक्षा बदलून टाकावा.

इथे एक सोपी वाटणारी सूचना हमखास येते: पाण्यात थोडं जंतुनाशक टाकलं की झालं. दक्षिण कोरियाने या विचाराची भयंकर किंमत मोजली आहे. १९९४ पासून तिथे खोलीत ठेवायच्या ह्युमिडिफायरच्या पाण्यात टाकण्यासाठी जंतुनाशकं विकली जात होती. २०११ च्या वसंतात सोलमधल्या एका रुग्णालयात गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायका फुफ्फुसं निकामी होऊन दाखल होऊ लागल्या. त्याच वर्षी सरकारी तपासात दोष या जंतुनाशकांकडे गेला. त्यांतला पीएचएमजी हा घटक कातडीला लागला तर फारसा अपायकारक मानला जात नव्हता. तुषारांतून छातीत गेला तेव्हा त्याने फुफ्फुसं खराब केली. बळींमध्ये लहान मुलं बरीच होती. ती यंत्रं वेगळी होती हे खरं, पॅडचा ह्युमिडिफायर तुषार उडवत नाही. तरीही घरभर फिरणाऱ्या हवेच्या वाटेत कोणतंही रसायन ठेवण्याचं धाडस करू नये. साचूच न दिलेल्या पाण्याला औषधाची गरज पडत नाही.

वाहत्या पाण्याच्या यंत्रावर नासाडीचा आक्षेप घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे: पॅडवर सोडलेल्या पाण्यातलं बरंचसं गटारात जातं. पण तेच पाणी क्षार आणि घाण बरोबर वाहून नेतं, म्हणजे सफाईचं निम्मं काम करतं. टंचाई असलेल्या भागात हा हिशोब वेगळा लागेल, ग्रेट लेक्सच्या काठी तो मला मान्य आहे. दुसरा दावा ऊर्जेच्या बचतीचा: दमट हवा उबदार वाटते, म्हणून थर्मोस्टॅट एखादा अंश खाली आणता येतो. येतो खरा, पण एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ०.७ युनिट ऊर्जा लागते. रोज २० लिटर हवेत सोडले तर १३-१४ युनिट उष्णता तिथेच खर्ची पडते, म्हणजे बचत हातात फारशी उरत नाही. खरी बचत हवी असेल तर दारं-खिडक्यांच्या आणि माळ्याच्या फटी आधी बुजवाव्यात. बाहेरची कोरडी हवा कमी शिरली की घर आपोआपच कमी सुकतं, आणि पुष्कळ घरांत त्यानंतर ह्युमिडिफायरला फारसं काम उरत नाही. बाहेरच्या तापमानाचा सेन्सर असलेली नवी यंत्रं आकडा स्वतः बदलतात, तेव्हा लक्ष कशाला द्यायचं, असंही विचारलं जातं. सेन्सर चकतीचं काम करतो. तुंबलेली नळी आणि चोंदलेला पॅड त्याला दिसत नाही. ह्युमिडिस्टॅटने दाखवलेला आकडाही एखाद्या साध्या आर्द्रतामापकाशी ताडून पाहिलेला बरा. हा मापक भट्टीजवळ नको, निजायच्या खोलीत ठेवावा.

एप्रिल-मेमध्ये भट्टी बंद झाली की ह्युमिडिस्टॅटही बंद करावा, पाण्याचा कॉक फिरवावा आणि ओला पॅड काढून टाकावा, कारण उन्हाळाभर अंधारात कुजायला त्याहून सोयीची जागा नाही. बायपास प्रकारच्या, म्हणजे थोडी हवा डब्यातून वळवून परत फिरवणाऱ्या, यंत्राला बाजूच्या डक्टवर एक झडप असते, तिच्यावर ‘समर’ लिहिलेलं असतं. ती उघडी राहिली तर एसीची गार हवा खोल्यांत जायच्या आधीच काही प्रमाणात परत फिरते आणि वरच्या मजल्यावरचे लोक जुलैत उकाड्याची तक्रार करत राहतात. नवा पॅड ऑक्टोबरात, भट्टी पहिल्यांदा सुरू करायच्या दिवशी बसवावा.